एका पासावर दोघी

दादानं फॉर्म टेबलावर ठेवला, त्याच्या कडा तळहातानं सपाट केल्या आणि खुर्ची ओढून बसला. नौदलाच्या गोदीत तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस. पाच टनांची पेटी अलगद उतरवायची सवय, कागदही त्यानं तसाच उतरवला.

"उद्या बाराच्या आत द्यायचाय," तो म्हणाला. "रविवारी जुन्या रहिवाशांना आत सोडणार. सोमवारपासून नौदलाची वसाहत पाडायला घेतायत. सगळी. एक भिंत ठेवणार नाहीत."

खोलीत चार बायका होत्या आणि चौघींनाही हे आठवडाभरात पाठ झालं होतं.  तरी भिंत ठेवणार नाहीत हे ऐकायला वाईटच.

खिडकीशी उंच खुर्चीत दादाची आई बसली होती. खानदानात तिला सगळे थोरली म्हणत. खाली बसलं की उठताना तिचे गुडघे शेजाऱ्यांना ऐकू जात, म्हणून ती उंच खुर्ची. समोर पलंगाच्या कडेवर तिची जाऊ, धाकटी. वय शहात्तर, पण एकदा धाकटी म्हणून घरात आलेली बाई शंभराची झाली तरी धाकटीच राहते. धाकटीची मुलगी चिमणी दाराला टेकून उभी होती. हे नाव तिला तान्हेपणी पडलं तेव्हा शोभत असेल; आता ती इस्पितळाची मेट्रन होती आणि तिच्या आवाजानं भलेभले डॉक्टर सरळ होत. चौथी दादाची बायको. शाळेत गणित शिकवायची, म्हणून वाद कुठलाही असो, ती आधी आकडे मागायची.

"किती जणांना सोडणार?" तिनं विचारलंच.

"जुन्या नोंदवहीत ज्यांची नावं आहेत त्यांना. आपल्या क्वार्टरवर तीन नावं. बाबा, आई, मी. बाबा नाहीत. म्हणजे आई आणि मी."

कुणीही धाकटीकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी ते इतक्या निगुतीनं टाळलं, की धाकटीच म्हणाली, "माझं नाव कसं असेल त्यात? मी पाहुणी होते."

चिमणी फिस्सकन हसली. "चार वर्षांची पाहुणी."

"पंधरा दिवसांची," धाकटी म्हणाली. "दर पंधरा दिवसांनी नवी."

थोरलीला हसू आलं. खरंच तसं होतं ते. नवरा खलाशी असला तरी दहा वर्षं नोकरी झाल्याशिवाय क्वार्टर मिळत नसे, आणि धाकट्या भावजींची तर पाचच झाली होती. थोरलीचा नवरा मात्र किनाऱ्यावर स्टोअरकीपर, त्याला दोन खोल्या होत्या. मग जाऊबाई कुठे राहणार? पाहुण्यांना पंधरा दिवसांची परवानगी. ती संपली तरी धाकटी राहिली. तपासणीचे साहेब यायचे त्या दिवसासाठी तिची एक बॅग कायम भरून दाराशी उभी असायची. साहेबांनी विचारलं की थोरली सांगायची, "ही का? आजच आलीय." ती बॅग चार वर्षं आजच आलेली होती.

आणि पास एकच. थोरलीच्या नावाचा. वसाहतीच्या फाटकावर तो दाखवल्याशिवाय चिटपाखरू आत-बाहेर होत नसे. त्यावरचा फोटो काढणाऱ्यानं असा काही उजळ काढला होता की त्यात नाक-डोळे शोधावे लागत. थोरली रुसली होती तेव्हा. मग धाकटी आली आणि कळलं, की फोटो वाईट आला हे नशीबच. दोघींची उंची सारखी. डोक्यावरून पिवळी शाल घेतली की पहारेकऱ्याला जी दिसायची ती थोरलीच. दाराआडच्या खिळ्यावर पास असायचा आणि त्याखाली शाल. खिळा रिकामा असला की घरात राहिलेलीनं अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण कागदाप्रमाणे ती त्या वेळी बाजारात होती. चार वर्षांत दोघी मिळून एकदाही भाजी आणायला गेल्या नाहीत.

"आणि हे बघ," दादा म्हणाला, "मागे आठवण लिहायचीय. अर्धं पान. वसाहतीच्या इतिहासाची पुस्तिका काढतायत. नमुना दिलाय." त्यानं घसा साफ केला. "सदर भूभागावर पूर्वी मिठाची कोठारे होती. युद्धकाळात तेथे अर्धगोल पत्र्यांच्या बराकी उभारण्यात आल्या. कालांतराने कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी पक्की घरे बांधण्यात येऊन सर्व सोयी पुरवण्यात आल्या."

"कुणी पुरवल्या?" थोरली म्हणाली.

"आई, नमुना आहे तो."

"पाणी दोन वर्षं टँकरनं यायचं. मग कप्तानाची बायको खरकटी भांडी घेऊन त्याच्या कचेरीत गेली आणि त्याच्या टेबलावर मांडून आली, तेव्हा नळ आले. ते लिही. आणि घरं पक्की म्हणे! भिंतीला खिळा मारला की मिठाची पूड गळायची. स्वयंपाकाच्या ओट्यामागं हात लावून जीभ लावली तर खारट."

"आई, तुम्ही भिंत चाटलीत?" सुनेनं विचारलं.

"हिनं चाटली," थोरली धाकटीकडे बोट दाखवून म्हणाली. "चिमणीच्या वेळी डोहाळे लागले तेव्हा."

आता मात्र हसण्याची लाट आली आणि तिच्याबरोबर सगळंच आलं. जहाजांचा उरलेला करडा रंग घराघरात वाटला जायचा, म्हणून सगळ्यांच्या खोल्या, पाळणे आणि मोऱ्यासुद्धा करड्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर सरकारी नंबर. लहानपणी दादाला वाटायचं जगातल्या सगळ्या खुर्च्यांना नंबर असतात, आणि पहिल्यांदा बाहेरच्या घरी गेला तर बिननंबरी खुर्चीवर बसेना. दुपारी एकला भोंगा व्हायचा आणि पन्नास स्वयंपाकघरांत एकदम ताटं वाजायची. कुठलं जहाज कधी येणार हे बायकांनी बोलायचं नाही असा हुकूम होता, त्यामुळे नळावर एक म्हणायची, "आज केस धुवावेत म्हणते," आणि सगळी रांग समजून जायची. शहराच्या नकाशात त्या जागी नुसता हिरवा ठिपका असायचा. आत फोटो काढायला मनाई. म्हणून चौदा वर्षं जिथं संसार झाला त्या घराचा एकही फोटो यांच्याकडे नव्हता, आणि यापुढे असणारही नव्हता.

"म्हणूनच म्हणते," चिमणी दारापासून आत आली, "आईला जाऊन येऊ दे. मोठ्याईच्या नावावर. पूर्वी जायचीच की."

"काहीतरीच!" दादा उसळला. "फाटकावर ओळखपत्र बघतात."

"त्यावरचा फोटो बघितलायस मोठ्याईचा? कुठलीही म्हातारी वाटेल."

"मला चालेल," गणितवाली सून शांतपणे म्हणाली. "पांढरे केस, जाड चष्मा, काठी. शंभरातल्या नव्वद बायका तशाच."

"तू पण?" दादानं बायकोकडे असं पाहिलं, जणू ती पक्ष बदलून पलीकडे गेली. एका अर्थी गेलीच होती. "दोन वर्षं राहिलीत माझ्या निवृत्तीला. मीच फॉर्म देणार, मीच खोट्या म्हातारीला हात धरून आत नेणार. पकडलं तर?"

"तर म्हणायचं, आजच आलीय," चिमणी म्हणाली.

"मला कुठं जायचंय?" धाकटी पलंगाची चादर सारखी करत म्हणाली. "उगीच पोराच्या नोकरीवर कशाला? पडायलाच झालंय ते सगळं."

पण सगळ्यांना माहीत होतं तिला कुठं जायचंय. क्वार्टरमध्ये नाही. वसाहतीच्या टोकाला उतार होता, तो संपला की जुना धक्का. जहाज सुटायचं त्या दिवशी पास असलेल्या बायका-पोरांना तिथं कठड्यापर्यंत सोडत. धाकटीचा नवरा त्या धक्क्यावरून गेला तो परत आला नाही. भर समुद्रात पोटाचं दुखणं झालं, जहाजावर शस्त्रक्रियेची सोय नव्हती. तिकडंच समुद्राला दिलं. चिमणी तेव्हा वर्षाची होती. धाकटीनं पुढं गणवेश शिवायच्या कारखान्यात तीस वर्षं मशीन चालवलं, मुलीला शिकवलं, आणि त्या सकाळबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तिनं त्याला निरोप दिला नव्हता एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालेलं आणि सकाळी ती धक्क्यावर नव्हती. एकदा तिथं उभं राहावं एवढीच तिची इच्छा, आणि तीही ती चादर सारखी करून लपवत होती.

आता थोरलीनं म्हणायचं होतं, जा गं, माझ्या नावावर जा. सगळे त्याचीच वाट पाहत होते. थोरली देणारी बाई म्हणून खानदानात प्रसिद्ध. घर दिलं, पास दिला, शाल दिली. दादासुद्धा मनातून हरला होता; त्यानं पेनाचं टोपण काढलं होतं.

"नाही," थोरली म्हणाली. "मी जाणार."

दादाचं पेन कागदावरच थांबलं.

"मला जायचंय धक्क्यावर," थोरली पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. "नाव माझं आहे ना? मग मी जाणार."

दादाला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण तोच म्हणाला, "आई, तुझं काय आहे धक्क्यावर? बाबा तर कधी बोटीवर गेलेच नाहीत."

"मोठ्याई," चिमणीचा मेट्रनचा आवाज लागला, "तिथून माझा बाप गेलाय. आईनं पन्नास वर्षं काढली. आणि तू हक्क सांगतेस?"

"राहू दे चिमणे," धाकटी म्हणाली. "बरोबर आहे ताईंचं. त्यांचंच नाव आहे."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली, की थोरलीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. कारण हे वाक्य तिनं स्वतःच मनात म्हटलं होतं, पन्नास वर्षांपूर्वी, एका सकाळी, दाराआडच्या खिळ्यासमोर उभं राहून. माझंच नाव आहे. आणि पास उचलला होता. आज ब्याऐंशीव्या वर्षी तिनं दुसऱ्यांदा तोच पास उचलला होता, त्याच कारणासाठी, त्याच बाईच्या समोरून. आपण इतक्या वर्षांत काही म्हणजे काही शिकलो नाही याची तिला लाज वाटली. मोठी लाज.

"दादा, टोपण लाव त्या पेनाला," ती म्हणाली. "मला काही सांगायचंय. मध्ये बोलू नका कुणी. एकदा थांबले तर परत जमायचं नाही."

सुनेनं पाण्याचा ग्लास पुढं केला. थोरलीनं तो घेतला नाही.

"त्या सकाळी पास मी नेला होता."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "तुम्ही साबण आणायला गेला होता. मी आदल्या दिवशी म्हटलं होतं ना, मी जाणार नाही म्हणून. मग सकाळी मन बदललं, तर खिळा रिकामा. तुमची काय चूक त्यात?"

"साबण घरात होता. दोन वड्या होत्या."

धाकटीचा चादरीवरचा हात थांबला.

"तुझं मन बदलणार हे मला रात्रीच कळलं होतं," थोरली म्हणाली. "तू भावजींचा शर्ट इस्त्री करत होतीस. भांडलेली बाई कॉलरला दोनदा इस्त्री करत नाही. मला कळलं होतं. तरी तू चिमणीला पाजत होतीस तेवढ्यात मी शाल घेतली, पास घेतला आणि बाहेर पडले. साबणाला नाही. सरळ धक्क्यावर."

"पण का?" दादाच्या तोंडून गेलं, आणि त्यानं जीभ चावली.

"कारण मला कुणी नव्हतं हात हलवायला!" थोरली जवळजवळ ओरडली. "चौदा वर्षं त्या वसाहतीत काढली. सगळ्या बायका नटूनथटून धक्क्यावर जायच्या, रडायच्या, हात हलवायच्या, मग नळावर येऊन एकमेकींना सांगायच्या. तुझे बाबा सकाळी आठला गोदामात जायचे आणि पाचला घरी यायचे. रोज. देवमाणूस होता. पण पाचला घरी येणाऱ्या माणसासाठी कोण धक्क्यावर उभं राहतं? मला एकदा उभं राहायचं होतं. सगळ्यांसारखं. कुणाला काय त्रास, म्हटलं. मागं उभी राहीन, दहा मिनिटांत परत येईन, ही तोवर पाजत असेल. पण गर्दीनं पुढं ढकललं. कठड्यापाशी."

तिनं आता ग्लास घेतला, एक घोट प्यायली.

"बोट सुटली होती. भावजी कडेला उभे होते, सगळ्यांबरोबर रांगेत. त्यांनी पिवळी शाल पाहिली. डोक्यावरून ओढलेल्या शालीत दुसरं काय दिसणार? त्यांना वाटलं, तू."

कुणीतरी श्वास आत घेतला. बहुधा सून.

"मी शाल काढायला हवी होती. खाली बसायला हवं होतं. त्यांनी दोन्ही हात वर केले, रांगेतले सगळे एक हात हलवत होते, यांनी दोन्ही. आणि मी..." थोरलीनं ग्लास खाली ठेवला.  "मी पण हलवला. आणि मला इतकं बरं वाटलं, धाकटे, इतकं बरं वाटलं. घरी आले तर तू दारात उभी, चिमणी कडेवर. धक्क्यावरच्या पहारेकऱ्यानं तुला परत पाठवलेलं. मी म्हटलं, साबणाला रांग होती. मग तीन महिन्यांनी तार आली. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

चिमणी आईकडे गेली नाही. ती थोरलीकडेही गेली नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिली. इस्पितळात रोज कितीतरी माणसांना काय करायचं ते सांगणाऱ्या बाईला स्वतःला उभं कुठं राहायचं ते कळेना. मग म्हणाली, "मोठ्याई, तू आईला पन्नास वर्षं..." आणि तिला पुढचं क्रियापद सापडलं नाही.

"गप्प बस," धाकटी म्हणाली.

ती मुलीला कधी गप्प बस म्हणायची नाही. चिमणी गप्प बसली.

"पहिल्या बंदरातून त्यांचं पत्र आलं होतं," धाकटी म्हणाली. ती थोरलीकडे पाहत नव्हती, टेबलावरच्या फॉर्मकडे पाहत होती. "तुम्हाला दाखवलं नव्हतं. कुणालाच नाही. त्यात लिहिलं होतं, तू आलीस, लांबूनच पिवळी शाल दिसली, आता माझा राग गेला, तुझाही गेला असेल. मला वाटलं टोमणा मारतात. मी आले नाही म्हणून. त्यांना सवय होतीच तशी, उलटं बोलायची. मला इतका संताप आला, ताई. वाटलं, एवढ्या लांब जाऊनसुद्धा माणूस सुई टोचतो. मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दादाला आठवलं, आपण तेव्हा सहा वर्षांचे होतो आणि काकू पत्र वाचून मोरीत जाऊन बसली होती. त्याला तेव्हा वाटलं होतं, तिला साबण लागला डोळ्यात. 

"दुसरं पत्र आलं, त्यात विचारलं होतं, चिमणी उभी राहायला लागली का. त्यालाही नाही दिलं उत्तर. म्हटलं, आले की बघते." धाकटीनं चष्मा काढला. "म्हणजे टोमणा नव्हता तो."

"नव्हता गं."

"म्हणजे ते रागावून नाही गेले."

"हसत गेले. दात दिसत होते."

थोरली वाट पाहत राहिली. आता काय येईल ते सोसायची तिची तयारी होती; किंबहुना पन्नास वर्षं तिनं तेवढीच एक तयारी करून ठेवली होती. धाकटी उठली. पलंगावरून उठायला तिलाही दोन प्रयत्न लागले. चिमणीनं पुढं केलेला हात तिनं बाजूला केला, टेबलाशी गेली आणि फॉर्म दादासमोर सरकवला.

"ताईंचं नाव लिही," ती म्हणाली. "त्याच जातील."

"काकू, अगं पण..."

"मी तिथं जाऊन काय बघणार? रिकामा कठडा? मला जे बघायचं होतं ते यांनी बघितलंय. लिही."

"मी नाही जात," थोरली म्हणाली. ती आता रडत होती, तोंड न लपवता, नाक पुसायचंसुद्धा सुचत नव्हतं. "तू जा. माझ्या नावावर जा. पकडलं तर मी येऊन सांगेन फाटकावर."

"तुम्ही जायचं," धाकटी म्हणाली. "आणि परत येऊन मला सांगायचं, कठड्यापाशी नेमक्या कुठं उभ्या होता. साबणाला रांग होती असं सांगायचं नाही."

दादानं नाव लिहिलं. आईचं नाव त्यानं आयुष्यात हजार फॉर्मांवर लिहिलं असेल, पण या वेळी एकेक अक्षर सावकाश काढलं. सुनेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चिमणी अजून मधोमधच उभी होती. मग ती जाऊन खिडकीशी, थोरलीच्या खुर्चीच्या पायाशी, जमिनीवर बसली. पाठ तिच्याकडे करून, पण बसली.

धाकटी परत पलंगावर बसली नाही. दुसरी खुर्ची ओढून ती थोरलीच्या समोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"तुम्ही हात हलवलात म्हणालात."

"हलवला."

"किती वेळ?"

"बोट दिसेनाशी होईपर्यंत. बाकीच्या बायका निघून गेल्या, तरी."

"त्यांना दिसत होता शेवटपर्यंत?"

"ते वळले नाहीत. म्हणजे दिसतच असणार."

धाकटीनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली.

"कुठला हात?" तिनं विचारलं.

थोरलीला आधी कळलंच नाही. मग तिनं उजवा हात वर केला, सुजलेल्या बोटांचा. धाकटीनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मांडीवर घेऊन बसली.